आधी बाजार, मग ताट

मालवणात पोचले तो सोमवार होता. रात्रभराच्या प्रवासानं अंग आंबलेलं, पोटात भूक आणि डोळ्यांसमोर एकच चित्र: तळलेला मासा, लालसर कालवण, वाटीत सोलकढी. बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एका घराच्या पडवीत चार बाकडी मांडलेली दिसली. दारावर पाटी नव्हती. आत तिघं-चौघं मान खाली घालून जेवत होते, त्यातल्या एकाच्या खांद्यावर टपालाची पिशवी होती. मी आत जाऊन विचारलं, "मासे कुठले आहेत आज?"

वाढणाऱ्या काकींनी हातातला डाव तसाच धरून माझ्याकडे पाहिलं. "आज सोमवार. मासे नाय. काळ्या वाटाण्याचा सांबारा आसा. चलात मां?"

समोरच्या रस्त्यावर सुरमई थाळीचे फलक ओळीनं लागले होते. माझा पाय बाहेर पडायच्या बेतात होता. एवढ्यात टपालवाल्या दादांनी काही न बोलता पिशवी मांडीवर घेतली आणि बाकड्यावर जागा केली. मी बसले.

ताटात भात होता, दोन आंबोळ्या होत्या, कैरीचं लोणचं होतं आणि खोलगट वाटीत ते सांबारं. बारीक, टणक काळे वाटाणे शिजून मऊ झालेले, पण आकार न सोडलेले. कांदा-खोबरं काळपट होईपर्यंत भाजून वाटलेलं वाटण, त्यात मालवणी मसाला. आंबोळीचा तुकडा बुडवला की जाळीत रस शिरायचा. काळे वाटाणे आदल्या रात्री भिजत घालावे लागतात. म्हणजे माझ्या सोमवारच्या जेवणाचा निर्णय रविवारी रात्री, मी गाडीत पेंगत असताना, त्या स्वयंपाकघरात होऊन गेला होता. मी मागायला आले होते, आणि तिथं मागायचं नव्हतं, मिळेल ते घ्यायचं होतं. हे कळायला मला ते ताट लागलं.

संपादकांनी गेल्या दिवाळीत विषय दिला तेव्हा तो सोपा वाटला होता. प्रवासात त्या त्या गावचं अस्सल जेवण कसं शोधायचं, वर्षभर फिर आणि लिही. मी पत्ते गोळा करायला लागले. वर्ष संपताना पत्त्यांची वही बाजूला पडली आहे. त्यातली निम्मी ठिकाणं सगळ्यांना ठाऊक आहेत, आणि उरलेली मी छापली तर दोन वर्षांत ती पहिल्यासारखी राहणार नाहीत. मला सांगायचं आहे ते वेगळंच. गावचं जेवण गावच्या कामाला बांधलेलं असतं. शेतात काय निघालं, होडीतून काय उतरलं, कोणत्या वाराला काय चालतं, कोण किती वाजता भुकेला होतो, यावर ते ठरतं. त्या कामाच्या वाटेवर जाऊन उभं राहिलं की ताट आपोआप समोर येतं.

सुरमई कुणाची?

"उद्या सांजचे बंदरावर येवा," काकी म्हणाल्या होत्या. गेले.

होड्या किनाऱ्याला लागत होत्या आणि ओल्या वाळूवर माशांचे ढीग पडत होते. भोवती माणसांचं कडं. बोली इतकी झरझर चालते की बाहेरच्याला नुसता गलका ऐकू येतो. कुणी हनुवटी हलवली, कुणी बोट उचललं की माल फिरला. मोठी सुरमई, पापलेट, टायगर कोळंबी बर्फाच्या पेट्या घेऊन आलेल्या व्यापाऱ्यांकडे गेली. ती गोव्याला जाणार, मुंबईला जाणार, आणि काही तिथंच शंभर पावलांवरच्या हॉटेलात. टोपल्या घेऊन आलेल्या बायका तिकडे फिरकतही नव्हत्या. त्यांचं लक्ष बांगड्यांवर होतं, पेडव्यांवर होतं, जाळ्यात आलेल्या लहानसहान मिसळ माशांवर होतं. काकींनी बांगडा घेतला. माशाचे डोळे पाहिले, कल्ला उचलून आतला लाल रंग पाहिला आणि पदराला हात पुसून पैसे मोजले.

पर्यटक सुरमई मागतो कारण तिचं नाव त्याला ठाऊक असतं, तिला काटे कमी असतात आणि तुकडा ताटात देखणा दिसतो. त्यात गैर काही नाही. पण मागणी एकाच माशाला आली की हॉटेलाला तो बारमाही ठेवावा लागतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. हे दिवस माशांच्या विणीचे. शिवाय समुद्र खवळलेला. त्या काळात मालवणातल्या घरात सुकट असते, उन्हात खारवलेला बांगडा असतो, खाडीतली कालवं किंवा मुळे असतात, पावसाळी भाज्या असतात. थाळीत मात्र सुरमईच हवी असेल तर ती बर्फातून येते. जुलैच्या पावसात खारा बांगडा निखाऱ्यावर भाजून पेजेबरोबर मिळाला, तर तो त्या महिन्याचा खरा मासा होय. तो फलकावर कधीच नसतो.

त्या संध्याकाळी काकींच्या स्वयंपाकघरात मी उंबऱ्याशी बसून होते. ओल्या खोबऱ्याचं वाटण, कोकमं, हळद, मिरची, आणि शेवटी मूठभर तिरफळं. तिरफळाची बी काढून टाकायची, टरफल तेवढं घ्यायचं, जरासं ठेचून कालवणात सोडायचं. त्याचा वास लिंबाच्या सालीसारखा उठतो आणि जिभेला किंचित बधिरपणा येतो. मी विचारलं, सुरमईत का नाही घालत? काकींना तो प्रश्नच विचित्र वाटला. तिरफळ बांगड्याला, तारलीला, पेडव्यांना. ज्या माशाला अंगचं तेल असतं आणि त्या तेलाचा उग्र वास असतो, त्याला तिरफळ आवरतं. सुरमई खाणारा पाहुणा तिरफळापर्यंत पोचतच नाही. या किनाऱ्याची सगळ्यांत स्वतःची अशी जी चव, ती स्वस्त माशात दडलेली आहे.

किनाऱ्यावरची रापण ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही गोष्ट आणखी कळेल. लांबच लांब जाळं होडीतून गोलाकार टाकायचं आणि दोन्ही टोकांनी पन्नासेक माणसांनी वाळूवरून ओढून आणायचं. जे येईल त्याचे वाटे. रापणीत काय येईल ते सांगता येत नाही, म्हणून रापणकराच्या घरात 'आज अमुकच हवं' ही भाषा नाही. मोठ्या पर्ससीन जाळ्यांनी किनाऱ्याजवळचा मासा कमी झाला, ही पारंपरिक मच्छीमारांची तक्रार जुनी आहे. राज्य सरकारनं २०१६ साली पर्ससीनवर निर्बंध घातले तरी ती मिटलेली नाही. ताटातला बांगडा कुठून येतो हे विचारलं की बोलणं तिथपर्यंत जातं. ते जाऊ द्यावं. जेवणाइतकंच तेही गावचं असतं.

दर्शनी चूल

एकदा मी फसले, तेही सांगायला हवं. महामार्गावरच्या एका मोठ्या हॉटेलात 'चुलीवरचं गावरान जेवण' अशी पाटी होती. दारातच सारवलेली चूल, तिच्यावर काळं मडकं, शेजारी नऊवारीतली बाई भाकरी थापत बसलेली. मन भरून आलं. हात धुवायला मागे गेले तर भटारखान्यात गॅसच्या चार शेगड्या घोंघावत होत्या आणि आमच्या ताटातला रस्सा एका मोठ्या डब्यातून निघत होता. त्याच डब्यातल्या लाल वाटणातून पनीरची भाजीही होत होती. चुलीवरच्या मडक्यात नुसतं पाणी उकळत होतं.

मला राग हॉटेलचा कमी आला आणि त्या बाईसाठी वाईट जास्त वाटलं. तिची भाकरी खरी होती.

महाराष्ट्रात कुठंही जा, हॉटेलाचं मेन्यूकार्ड तेच का असतं याचं कारण त्या डब्यात आहे. सकाळी कांदा-टोमॅटोचं एक वाटण परतून ठेवलं की दिवसभर त्यातून पंचवीस नावांच्या भाज्या काढता येतात. आचारी बदलला तरी चव फारशी बदलत नाही. म्हणूनच 'व्हेज कोल्हापुरी' सगळ्या देशात मिळते, आणि कोल्हापुरातल्या कुठल्या घरात ती होत असलेली मी पाहिलेली नाही. घरच्या पदार्थाचं असं होत नाही. त्याला ठरलेली वेळ लागते, हात लागतो आणि तो उरला की उद्या चालत नाही.

याची सगळ्यांत सोपी परीक्षा भाकरी. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो. गरम पाण्यात मळून, तळव्यानं रगडून त्याला बांधून घ्यावं लागतं. पीठ ताजं असेल तर ते बांधलं जातं. जुनं झालं की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना कडेला चिरा पडतात. म्हणजे जिथं भाकरी चांगली, तिथं चार-आठ दिवसांत दळण होतं, जवळ गिरणी आहे, ज्वारी खपते आहे आणि थापणारा हात रोजचा आहे. भाकरी दहा मिनिटांत चामड होते, त्यामुळे ती आधी करून ठेवता येत नाही. एवढं ज्यांना परवडतं आणि जमतं, ते सहसा रश्शात लबाडी करत नाहीत. आता मी अनोळखी गावात आत शिरताना कान देते. थापण्याचा थपथप आवाज आला की बसते.

सांबार म्हणजे काय?

मालवणातलं सांबारं मनात घेऊन मी नागपूरला गेले आणि बाजारात भाजीवाल्यानं विचारलं, "सांबार देऊ का जी?" हातात कोथिंबिरीची जुडी. विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर. तिची पुडाची वडी म्हणजे सांबारवडी. उडुप्याच्या हॉटेलातलं सांबार तिसरंच. एकच शब्द आणि तीन ताटं. शब्दाच्या भरवशावर जेवण मागवू नये, हे नागपूरनं मला पहिल्या सकाळीच सांगितलं.

नागपुरात मला सावजी जेवण हवं होतं. 'सावजी' ही पाटी आता पुण्यातही दिसते, महामार्गावरही दिसते, आणि बहुतेक ठिकाणी तिचा अर्थ 'खूप तिखट' एवढाच उरलेला आहे. मुळात हे विणकरांचं जेवण. हलबा कोष्टी समाजाची वस्ती महाल, इतवारी, गोळीबार चौक, पाचपावली या जुन्या नागपुरात. काठापदराची लुगडी विणणं हा पिढीजात धंदा. जमशेटजी टाटांनी १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. पुढे गिरण्यांचं कापड आलं, यंत्रमाग आले आणि घरातला हातमाग हळूहळू गप्प होत गेला. मग ज्या घरांत माग होता, त्यातल्या कितीतरी घरांत पुढच्या खोलीत बाकडी आली. मागावरचं काम गेलं तेव्हा घरच्या बाईच्या हातातली चव हेच भांडवल उरलं होतं.

म्हणून सावजी भोजनालय अजूनही घरासारखं असतं. मी गेले ते एका बोळात होतं. दोन खोल्या. आतल्या खोलीत मोठे गंज, म्हणजे आपली पातेली, मंद आचेवर. जेवायला सगळे पुरुषच. एकटी बाई आत आलेली पाहून क्षणभर बोलणं थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. मालकीणबाईंनी मला भिंतीलगत, आतल्या दाराशी बसवलं. "बसा न जी. तिखट चालते ना?"

मेन्यूकार्ड नव्हतं. काय काय आहे ते त्यांनी तोंडानं सांगितलं: मटण, चिकन, खूर, सुंदरी, खिमा, पाटोडी. खूर म्हणजे बकऱ्याचे पाय, सुंदरी म्हणजे आतडी. बाहेरच्या पाटीवर ही नावं नव्हती. जो प्राणी कापला त्याचं काही वाया जाऊ न देणाऱ्या घरातलं हे जेवण आहे, हे त्या यादीवरूनच कळत होतं. मी मटण घेतलं आणि पाटोडीचा रस्साही घेतला. बेसनाच्या वड्या त्याच काळपट रश्शात सोडलेल्या. मटण न खाणाऱ्यालाही रस्सा तोच, हे मला फार आवडलं.

पहिल्या घासाला तिखट लागतं हे खरं. पण दोन घासांनंतर तिखटाच्या मागून मसाले वर यायला लागतात: भाजलेले धणे, काळी मिरी, लवंग, खसखशीचा दाटपणा. त्यांचा मसाला घरीच कुटला जातो आणि त्याचं प्रमाण कुणी सांगत नाही. मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही. समोर जेवणाऱ्या एका काकांनी मात्र रश्शाचं गणित सांगितलं. "मटण पावभर, खाणारे आठ. मग रस्साच तिखट पायजे न. थोड्या रश्शात भाकर जास्त जाते." ते हसले नाहीत. त्यांच्या आजोबांच्या घरात चार माग होते.

तेव्हापासून 'सावजी म्हणजे तिखट' हे वाक्य मला अपुरं वाटतं. ते तिखट कुणाच्या तरी कमी मटणाचं होतं.

पऱ्हाटीची आग

फिरण्याची सुरुवात खरं तर खानदेशापासून झाली होती, गेल्या मार्गशीर्षात. पण तिथं जे पाहिलं त्याचा अर्थ मालवण आणि नागपूर झाल्यावर लागला, म्हणून ते शेवटी लिहिते आहे.

जळगावच्या भाजीबाजारात पहाटे गेले होते. हिवाळ्यात तिथं एक कोपरा फक्त वांग्यांचा असतो. पांढरट हिरवी, तुकतुकीत, अंगावर फिकट रेघा, एकेक वांगं लहान मुलाच्या डोक्याएवढं. ही भरताची वांगी. साल पातळ, बी कमी, गर लोण्यासारखा. जळगावच्या या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण बाजारात कुणी 'जळगावचं वांगं' म्हणत नाही. ते म्हणतात आसोद्याचं, बामणोदचं, भालोदचं. गिऱ्हाईक वांगं तळहातावर तोलून पाहत होतं. आकाराच्या मानानं हलकं लागलं की घ्यायचं. जड असेल तर आत बिया.

"भरीत कुठं चांगलं मिळेल?" मी विकणाऱ्या आप्पांना विचारलं.

"मिळेल कशाला? करा की," ते म्हणाले. मग माझी पाठीवरची पिशवी पाहून त्यांना दया आली असावी. त्यांच्या भाच्याच्या मळ्यात त्याच संध्याकाळी भरिताचा बेत होता, आसोद्याच्या शिवारात. "चला, पंगतीत एक पान वाढलं तर काय बिघडतं."

आसोदा जळगावपासून अगदी जवळ. बहिणाबाई चौधरींचं माहेर ते हेच. मळ्यात पोचलो तेव्हा सूर्य कलला होता आणि हवेत गारठा उतरत होता. बांधावर पऱ्हाट्यांचा ढीग होता. कपाशी वेचून झाली की शेतात उरणारी वाळकी झाडं म्हणजे पऱ्हाटी. या ढिगातल्या गेल्या सालच्या होत्या. वांग्यांना तेलाचा हात लावला, सुरीनं दोन-तीन ठिकाणी टोचलं आणि जमिनीवर ओळीनं मांडून वर-खाली पऱ्हाट्या रचल्या. काडी लावली तसा जाळ एकदम पुरुषभर उंच उठला.

घरच्या गॅसवर वांगं भाजताना आपण ते एका बाजूनं फिरवत बसतो. एका जागी करपतं, दुसरीकडे कच्चं राहतं. पऱ्हाटी हलकी, कोरडी. ती चटकन पेटते, मोठा जाळ देते आणि चटकन विझते. वांगं चहूबाजूंनी एकदमच आगीत सापडतं. साल कोळसा होते, गर आतल्या आत स्वतःच्या वाफेवर शिजतो आणि धूर सालीतून आत मुरतो. लाकडाचे निखारे इतका वेळ धग देतात की गर सुकून जाईल. म्हणजे या भरिताची चव जितकी वांग्याची, तितकीच कपाशीची. जिथं काळ्या जमिनीत कपाशी नाही तिथं ही आग नाही, आणि ही आग नसेल तर खानदेशी माणूस त्याला भरीत म्हणायला तयार नसतो.

सोललेला गर लाकडी पसरट भांड्यात घेऊन मुसळीनं ठेचायला घेतला. दोघं जण आलटून पालटून. त्यात तेलात परतलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण वाटून पडला, शेंगदाणे पडले, सुक्या खोबऱ्याचे काप, कांद्याची हिरवी पात, कोथिंबीर. वरून कडकडीत फोडणी. बायका एका बाजूला कळण्याच्या पुऱ्या तळत होत्या. कळणा म्हणजे ज्वारीत सालासकट उडीद आणि मीठ घालून दळलेलं पीठ. करड्या रंगाच्या, खमंग, किंचित खरखरीत पुऱ्या. ताटं नव्हती. केळीची पानं होती, कारण शेजारच्या यावल-रावेर पट्ट्यात केळीला तोटा नाही. पंगत मातीतच बसली. आप्पांनी माझ्या पानावर भरीत वाढताना मधे खळगा करून तेल ओतलं आणि न विचारता दुसऱ्यांदा ओतलं.

हा बेत मार्गशीर्षातच का, हे मला एका आजींनी सांगितलं. चातुर्मासात त्यांच्या घरी कांदा-लसूण आणि वांगं बंद. ते सुटतं चंपाषष्ठीला, मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून. तोवर थंडी पडलेली असते आणि थंडीतच या वांग्याला गोडी येते. व्रत, ऋतू आणि पीक एकाच दिवशी भेटतात. मे महिन्यात जळगावला जाऊन भरीत मागणाऱ्याला ते कुणी तरी देईलही, पण उन्हाळा खानदेशात आखाजीचा असतो. अक्षय्यतृतीयेला लेकी माहेरी येतात आणि खापराच्या पालथ्या अंगावर हातांनी ताणून ताणून हातरुमालाहून पातळ केलेल्या पुरणाच्या पोळ्या, म्हणजे मांडे, भाजले जातात, बरोबर आमरस. ज्याला दोन्ही हवं त्यानं दोनदा यावं.

मिरची कुठली?

त्या रात्री शेकोटीजवळ बसून मी 'अस्सल' या शब्दाचा विचार करत होते. पानावरचं वांगं या भूमीचं, हजारो वर्षांचं. पण मिरची आणि शेंगदाणा दोन्ही अमेरिका खंडांकडचे, पोर्तुगीजांच्या जहाजांच्या काळात आपल्याकडे आलेले. मिरचीआधीही भरीत असणारच, मिऱ्यांचं किंवा आल्याचं. मिरची आली, इथल्या मातीत रुजली आणि आता ती काढली तर भरीत बेचव. म्हणून अस्सल म्हणजे जुनं, हे मला पटत नाही.

शेवभाजीचंच पाहा. खानदेशातल्या ढाब्यांवर ती मिळतेच. काळ्या मसाल्याचा, वर तेलाचा तवंग आलेला जाळ रस्सा आणि त्यात ऐन वेळी टाकलेली जाड तिखट शेव. तिला कुठल्या सणाचा नैवेद्य नाही. पण उन्हाळ्यात भाजी महाग होते, कोमेजते. शेव डब्यात महिनाभर टिकते. रात्री बारा वाजता आलेल्या ट्रकवाल्याला गरम रस्सा पाच मिनिटांत हवा असतो. तिची गरज इथल्या रस्त्यानं आणि इथल्या उन्हानं तयार केली. मी तिला खानदेशाचीच म्हणते, बिनदिक्कत.

मला काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीची. कपाशीवर गुलाबी बोंडअळी आल्यापासून पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नका, असं कृषी खातं सांगतं. अळीचे कोष त्यात राहतात आणि पुढच्या पिकाला लागण होते. सल्ला योग्य आहे. आता पुष्कळ शेतकरी यंत्रानं पऱ्हाट्यांचा भुगा करून जमिनीत मिसळतात, जमिनीलाही ते बरं. आप्पांचा भाचा म्हणाला, यंदा भरितापुरते दोन भारे ठेवलेत, बाकी सगळ्या पऱ्हाट्या गाडल्या. शहरातल्या भरीत सेंटरवाल्यांना पऱ्हाट्या आता विकत आणाव्या लागतात. पदार्थ असा हळूच सुटतो. कृती लिहून ठेवता येते, वांग्याला मानांकन मिळतं, पण ज्या वाळक्या काडीकडे कुणाचं लक्ष नव्हतं तीच आधी संपते.

निघताना आजींनी दोन वांगी पिशवीत घातली आणि भाच्यानं पऱ्हाट्यांचा एक लहान भारा सुतळीनं बांधून दिला. पुण्यात इमारतीच्या गच्चीवर जाळाल, म्हणाला. तो भारा घेऊन मी जळगावच्या बसस्थानकावर उभी होते. रात्रीची पुण्याची एसटी लागली. सामानाच्या फळीवर भारा मावेना. कंडक्टर तिकिटं फाडत माझ्यापाशी आले, भाऱ्याकडे पाहिलं, मग पिशवीत डोकावले.

"भरताची का? कुठली?"

"आसोद्याची."

त्यांनी मान हलवली. "भालोदची घ्यायची होती, ताई." मग खाली वाकून, एकही काडी मोडू न देता, त्यांनी तो भारा स्वतःच्या सीटखाली सरकवला.